गोचिडी, ओवा आणि देवघरातला चाकू

लाख वातींचा नेम घेतला की हात गुंतून जातात आणि तोंड मात्र मोकळं राहतं. मग गोष्टी निघतात. कापसातून एक वात ओढावी तर तिला चिकटून दुसरी अर्धी बाहेर येते, तसंच या गोष्टींचं आहे. कोणी मुद्दाम साठवत नाही, तरी साठतात. आमच्या गुरुवारच्या मंडळातल्या बायका भेटल्या की एक तरी म्हणतेच, "वहिनी, थे गोचिडीचं सांगा ना!" मी सांगते. सगळ्या हसतात, मीही हसते. फक्त शेवटच्या दोन-तीन गोष्टी जवळ आल्या की मी उगाच वाती मोजायला घेते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि आम्ही अमरावतीला राहत होतो. आमच्या पडवीत दर गुरुवारी दुपारी पाच-सात बायका जमायच्या. आरती व्हायची, शिवण-टिपण व्हायचं, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या पाटी गिरवायच्या. एका माघात अकोल्याहून एक मास्तर आले. मूळचे पुण्याकडचे. लाकडी पेटीत मधमाश्या पाळायला शिकवत गावोगाव फिरायचे. त्यांच्याकडून तिघींनी पेट्या घेतल्या. एक मी. एक शेजारच्या गोदाकाकू, वय सत्तर, जीभ विशीतली. आणि तिसरी यमुना.

यमुना भातकुलीच्या माळ्याची सून. संत्र्याची बाग, झेंडू-शेवंतीचे वाफे. दर गुरुवारी सासरे देवळात फुलं पोचवायला गाडी जुंपून अमरावतीला यायचे, तेवढे दोन तास ती आमच्या पडवीत. पेटीला त्यांनी होकार दिला, पण अट घालून: "एक साल पायतो. माशा टिकल्या त टिकल्या. नाई टिकल्या, त पेटी चुलीत अन् तुहं गुरुवारचं बसनंही बंद!"

हे यमुनानं आम्हाला हसत हसत सांगितलं. मग खडू मागून घेतला आणि पेटीवर आपलं नाव लिहिलं. तीन अक्षरं. तिच्या हातून पाटीबाहेर लिहिलेली पहिलीच.

*

वैशाखात एका गुरुवारी गोदाकाकूंनी पेटी उघडली आणि अंगणातूनच ओरडल्या, "कोनं वो, कोनं उपासाचा लाडू खाल्ला माह्या पेटीवर?"

आम्ही धावलो. चौकटीवर, पेटीच्या तळाशी, माश्यांच्या पाठीवर तांबूस दाणे. बरोबर राजगिऱ्याएवढे! आदल्याच दिवशी एकादशी झालेली, राजगिऱ्याचे लाडू मीच वळून काकूंकडे नेलेले. मी आधीच अपराध्यासारखी उभी राहिले.

"पोथ्या वाचता, पन सांडलवंड पाहत नाई!" काकूंचं चालूच होतं.

यमुनानं गवताची काडी उचलली आणि एका माशीच्या पाठीवरच्या दाण्याला हळूच लावली. दाणा चालायला लागला.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या राजगिऱ्याले त पाय हायेत!"

*

ती होती मधमाशीच्या अंगावरची गोचीड. गुरांना होते तशीच, पण बारीक. तिघींच्याही पेट्यांत निघाली. आता औषध कोणतं करायचं? मास्तरांना नमुना दाखवायला हवा. घट्ट झाकणाचं माझ्याकडे एकच भांडं होतं, चांदीचा कुंकवाचा करंडा. तो धुऊन पुसून त्यात पंचवीस-तीस मेलेल्या गोचिडी भरल्या. आमचे हे कोर्टाच्या कामाला अकोल्याला निघाले होते, त्यांच्या हाती दिल्या. "सांडू नका हं, सरळ धरा," असं दहादा बजावलं.

बडनेऱ्याला आगगाडीत बसल्यापासून यांनी करंडा दोन्ही हातांत प्रसादासारखा धरला. मूर्तिजापूरला छोट्या गाडीतून उतरलेली एक वयस्क बाई डब्यात चढली, समोर बसली. करंड्याकडे पाहून तिनं हात जोडले.

"देवीचं हाय का?"

आमचे हे परक्या बाईशी बोलायला इतके लाजतात की त्यांनी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते त्यांनाही ठाऊक नाही. बाईंनी झाकण उघडलं, चिमूट घेतली, भक्तिभावानं कपाळी लावली. शेजारणीला दिली. शेजारणीनं तिच्या सुनेला दिली!

अकोल्याला मास्तरांनी करंडा उघडला तर आत चांदी चकाकत होती. "नमुना कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन सवाष्णी बोरगावला उतरल्या," हे म्हणाले, "त्यांच्याबरोबर गेला."

*

शेवटी मास्तर स्वतःच आले. पडवीत लेक्चर झालं. मास्तर म्हणाले, "भगिनींनो, उपाय तीन आहेत. पहिला गंधकाचा धूर, पण अत्यल्प. दुसरा ओव्याचा उग्र वास. तिसरा आणि माझ्या मते सर्वोत्तम, चाकू. ही गोचीड वाढते नरमाशीच्या घरात. नरांची घरं मोठी असतात, वर टोपी असते आणि टोपीला सुईच्या टोकाएवढं भोक. नर बाहेर पडायच्या आत ती घरं कापून काढा, आतल्या गोचिडीही जातात. मात्र वेळेवर हं. आठ दिवसांचा उशीरही पेटीला महागात पडतो."

जाताना त्यांनी मंडळाला एक लांब, पातळ पात्याचा चाकू दिला. मंडळाच्या हिशेबाची वही माझ्याकडे असायची म्हणून चाकूही माझ्याकडे राहिला.

चाकू पाहून सगळ्यांच्या अंगावर काटा आला. ओवा मात्र घरचा! ओव्याची धुरी म्हटल्यावर गोदाकाकूंना काही शिकवायला नको. "मास्तर, माशीले द्यायची का बाळंतिणीले?" त्यांनी विचारलं.

"तत्त्व तेच," मास्तर म्हणाले आणि गेले. ते एक वाक्य बोलायला नको होतं.

काकूंनी शेगडीत निखारे घेतले. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं, वावडिंग, सगळं साग्रसंगीत. पेटीखाली शेगडी सरकवली आणि वारं लागू नये म्हणून पेटीवर गोधडी घातली! ज्येष्ठातलं वऱ्हाडचं ऊन. अर्ध्या घटकेत आतल्या सगळ्या माश्या बाहेर आल्या आणि पेटीच्या तोंडावर दाढीसारख्या लोंबायला लागल्या. पंख हलवून हलवून एकमेकींना वारा घालत होत्या बिचाऱ्या.

यमुनानं गोधडी ओढून काढली. "काकू, लेकरं आत, अन् बाळंतीन पळून चालली!"

*

काकूंना हार ठाऊक नव्हती. आठ दिवसांनी त्यांनी गंधक आणवला. मास्तर अत्यल्प म्हणाले होते. पण काकूंच्या हाताला कमी घालायची सवयच नाही. वरणात मीठ असो की पाहुण्याच्या पानात भात. मूठभर गंधक जळला.

पिवळा धूर ओसरल्यावर आम्ही पाहिलं. पेटीच्या तळाशी ओंजळीओंजळीनं माश्या. चमकदार, सारख्या, निजल्यासारख्या. काकूंनी कंबरेवर हात ठेवून पेटीत डोकावलं.

"गोचिड्या मेल्या," त्या म्हणाल्या. "माशाही मेल्या. पेटी मातर एकदम साफ हाय."

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी तुळशीजवळ खड्डा केला, माश्या पदरात घालून नेल्या, वर मूठमूठ माती लोटली. मला म्हणाल्या, "दिवा लावता का वो? माहे हात मातीचे हायेत."

त्या दिव्यापाशीच मी नेम धरला. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने माझ्या हातून, माझ्या घरच्या कुठल्याही पात्यानं, एकही जीव मारायचा नाही.

*

त्या नेमाचा घरात सगळ्यांत जास्त त्रास यांना झाला. खाटेत ढेकूण. मी एकेक चिमटीत धरायची आणि अंगणात सोडून यायची.

दोन दिवस यांनी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लांब सोडत जा ना जरा. तू परत येईपर्यंत ते तुझ्याआधी पोचलेले असतात."

*

श्रावणात दोन पेट्या उरल्या होत्या, माझी आणि यमुनाची. औषध तर निवडायचंच होतं. मी म्हटलं, देवीलाच विचारू. तीन चिठ्ठ्या फाडल्या. एकीवर 'ओवा' लिहिलं, एकीवर 'चाकू'. तिसरीवर 'गंधक' लिहायला टाक उचलला, आणि डोळ्यांपुढे काकूंचा पदर आला. हात चालेना. ती कोरीच राहिली आणि घाईत घडी होऊन वाटीत पडली.

चिठ्ठी उचलायला यमुनाला सांगितलं, कारण ती नुकतीच वाचायला शिकली होती आणि तिला त्याची फार हौस. तिनं डोळे मिटून एक उचलली. उघडली. उलटी करून पाहिली. उजेडाला धरली. चेहरा कसनुसा झाला.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "यात अक्षरच नाई. का मलेच वाचता नाई येत?"

सगळ्या इतक्या हसल्या की आरतीचं तबक कलंडलं. मी मात्र कोरी चिठ्ठी कपाळाला लावली. म्हटलं, देवी सांगते आहे, थांबा. काही करू नका.

खरं तर तेव्हाच म्हणायचं होतं की बाई गं, ती चिठ्ठी देवीची नाही, माझ्या भित्रेपणाची आहे. पण ते मला फार उशिरा वाचता आलं.

*

आश्विनात, घट बसले त्या आठवड्यात, यमुना पडवीत न बसता सरळ आत आली.

"वहिनी, नराचे घरं झाले. टोपीले भोक हाय, मास्तर म्हने तसं. थो चाकू द्या."

चाकू देवघरात होता, लाल फडक्यात. मी म्हटलं, "यमुना, माझा नेम आहे गं. माझ्या घरचं पातं. कार्तिकी झाली की देते."

तिनं लाल फडक्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. "वहिनी, काही काही माशा उडूनच नाई राहिल्या. पंख चुरगळलेले. पेटीसमोर मातीत चालतात नुसत्या."

मी म्हटलं, "देवी राखील. महिन्याभराचा तर प्रश्न."

त्याच्या पुढच्या गुरुवारी आली तेव्हा तिनं चाकू मागितलाच नाही. मीच विचारलं, "घरी एखादं खुरपं, विळा काही नाही का? त्यानं जमलं असतं."

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "खुरपं हाय ना. पन तुमी थांब म्हनलं वहिनी. तुमाले न इचारता कशी कापू?"

माझ्या घशाशी एक शब्द आला होता, 'काप'. एकच शब्द. त्याला पातंही लागत नव्हतं. पण मला वाटलं, तोंडानं सांगणं म्हणजे हातानं करणंच की! नेम मोडेल. मी तिच्या ओटीत शेवंतीचं फूल घातलं आणि म्हटलं, "देवीवर भार ठेव."

कार्तिकीला आठ दिवस राहिले असताना तिच्या पेटीतल्या उरल्यासुरल्या माश्या उठून गेल्या.

माझ्या पेटीतल्या टिकल्या. का टिकल्या, कोण जाणे. नेमाचं पुण्य म्हणावं, तर तिच्याजवळ काय कमी होतं? नेम तर आम्ही दोघींनी पाळला.

*

पुढचा गुरुवार आला. फुलांची गाडी आली, यमुना आली नाही. त्याच्याही पुढच्या गुरुवारी नाही. मग मी यांना बरोबर घेतलं आणि भातकुलीला गेले. रस्ताभर वाक्य घोकत होते: 'चूक तिची नाही, माझी. चाकू मी दिला नाही.'

बागेत सासरे बसले होते. यमुनाची पेटी त्यांनी चुलीत घातली नव्हती. ती आडवी करून तिच्यावरच बसले होते. खडूचं नाव त्यांच्या धोतराखाली अर्धं पुसलेलं. 'यमु' दिसत होतं.

मी नमस्कार केला. म्हटलं, "बुवा, त्या माश्यांचं बोलायला आले."

"काय बोलता त्याच्यात?" ते म्हणाले. "सुनेनं सांगतलं मले. तुमी चाकू देल्ला होता, इनंच आळस केला. घरात ठुला, भुलली, अन् तसाच वापस देल्ला. तुमाले काहून तसदी?"

घोकलेलं वाक्य सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून यमुना गडू घेऊन आली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पानी घ्या वहिनी. उन्हातून आल्या."

मी पाणी प्यायले. आणि तशीच परत आले.

*

नेम सोडला त्या दिवशी देवीपुढे बसून सगळं खरं खरं सांगितलं. उठले ती नवा नेम घेऊनच उठले. सोळा गुरुवार, दर गुरुवारी एक सवाष्ण जेवू घालायची. सवाष्ण फुलं पिकवणाऱ्या घरची हवी, आणि सोळाही गुरुवार एकच हवी.

"हे कोणत्या पोथीत आहे?" यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही. मी देवीला विचारून घेतलंय."

"आणि देवी काय म्हणाली?"

"ती काही म्हणाली नाही. या वेळी मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला."

भातकुलीला निरोप घेऊन गोदाकाकू गेल्या. त्यांनी बुवांना काय सांगितलं ते विचारायची माझी हिंमत नाही. पण बुवा म्हणाले म्हणे, "देवाचं काम हाय, मंग म्या कसा नाई म्हनू?" आणि दर गुरुवारी गाडीतून स्वतः यमुनाला दाराशी उतरवू लागले.

ती जेवायची, मग पाटी घ्यायची. मग माझ्या पेटीपाशी जाऊन बसायची. मी एकदा म्हटलं, "यमुना, ही पेटी तू ने. तुझीच समज."

ती म्हणाली, "नाई वहिनी. घरी म्या काय सांगू, कोन्या तोंडानं नेऊ?"

कधी तरी तिची क्षमा मागायची म्हणून मी सोळाच्या सोळा गुरुवार पानावर तूप वाढताना थांबत होते. दर वेळी ती म्हणायची, "बस वहिनी, लय झालं," आणि मला कळायचं नाही की ती तुपाचं म्हणते आहे की आणखी कशाचं.

माघात, संत्रा फुलावर आला तेव्हापासून, ती जेवताना मधूनच हसायला लागली. काय गं म्हटलं तर म्हणायची, "काई नाई."

*

फाल्गुनात सोळावा गुरुवार होऊन उद्यापनही झालं. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, गुरुवार नाही की काही नाही, दारात बैलगाडी थांबली. बुवा एकटेच उतरले. मी पाट मांडला.

"नाई, उभाच बरा हाओ," ते म्हणाले. "दीड महिना झाला, उभ्याचीच सवय पडली. म्या ज्या पेटीवर बसत होतो ना, थ्या पेटीत माशा येऊन बसल्या. आपल्या आपल्या आल्या. मले म्हनल्या, ऊठ!"

मी हसले. बुवाही हसले. मग डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "आता आत नराचे घरं झाले. भोकावाले. म्या सोता पायले. सून म्हने कापा लागते, अन् चाकू तुमच्यापाशी हाय."

"हो, देते ना, आत्ता देते," असं म्हणत मी देवघराकडे वळले.

"थांबा बाई," बुवा म्हणाले. "पोरीनं एक सांगून धाडलं. म्हने, चाकू मांगाच्या आंधी वहिनीले इचारजा, सध्या कोनता नेम चालू हाय का. असन, त आमी थांबतो."